बेबीताईंकडे जायची वाट

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं तेव्हा नकाशेबाईंनी विचारलं, "कुठे?"

"कुठे म्हणजे काय? चाला की कुठेही," डॉक्टर कागदावरून मान वर न काढता म्हणाले. "गुडघे आखडलेत, साखर काठावर आहे. गोळ्या द्यायची वेळ अजून आलेली नाही. पाय मोकळे करा म्हणजे झालं."

डॉक्टरांना म्हणायला सोपं होतं. नकाशेबाई महापालिकेच्या नगररचना खात्यात तेहतीस वर्षं शहराचे नकाशे काढत होत्या. त्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतं उरलं होतं. शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे त्यांना नकाशेबाईच म्हणत. आपल्या इमारतीच्या फाटकाबाहेरचा फूटपाथ बावीस पावलांवर संपतो, मग विजेचा डबा आडवा येतो आणि त्यापुढे सहापदरी रस्त्याखेरीज काही नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार?

म्हणून त्या इमारतीखालच्या पार्किंगमध्येच चालायला लागल्या. एक फेरी म्हणजे शंभर पावलं, अशा तीस फेऱ्या, रोज सकाळी सहाला, घाण्याला जुंपल्यासारख्या. आठवड्याभरात सगळ्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ झाले. दहाव्या फेरीनंतर डोळे उघडे असूनही मिटल्यासारखे होत. खांब झाडांसारखे वाटायला लागत, वरच्या पाइपातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज लांबच्या ओढ्याचा वाटे. आपण कुठेतरी जायला निघालोय, फार राहिलं नाही, पुढच्या वळणावर पोचूच, असं काहीतरी मनात तरंगत राही. पुढच्या वळणावर सोसायटीच्या चेअरमनची पांढरी गाडी उभी असायची.

फेऱ्या संपवून वर आल्या की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभ्या राहत. घर चौथ्या मजल्यावर. खाली इमारतीमागची उंच भिंत, भिंतीपलीकडे जुन्या पाणीपुरवठा केंद्राची बंद पडलेली जागा, नुसती हिरवी. तिच्यापलीकडे आणखी एक भिंत, आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसक्या घरांची एक रांग. त्यातल्या तिसऱ्या घरात बेबीताई आपल्या लेकीबरोबर राहायच्या. बेबीताई म्हणजे नकाशेबाईंची नणंद. वय चोपन्न, पण घरातलं शेंडेफळ म्हणून जी बेबी झाली ती बेबीच राहिली. तिच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी इथून स्वच्छ दिसायची. दोरीवर शाळेचे गणवेश दिसले की समजायचं, शिलाईचं काम जोरात आहे. चादरी दिसल्या की रविवार.

खिडकीपासून त्या दोरीपर्यंत एकशे नव्वद मीटर. नकाशेबाईंनी एकदा ऑफिसात पट्टी लावून मोजलं होतं. रस्त्याने मात्र साडेतीन किलोमीटर. मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं, उड्डाणपूल चढायचा, पलीकडे उतरून पुढच्या चौकातून वळसा घालून तेवढंच मागे यायचं, आणि या सगळ्यात पायी चालायला वीतभर जागा नाही. म्हणजे गाडी काढणं आलं. गाडी काढायची म्हणजे आधी फोन करायला हवा, फोन केला की तिकडे जेवणाचा घाट घातला जाणार, जेवणाचा घाट म्हणजे रविवारच हवा. एवढा द्राविडी प्राणायाम करून वर्षातून तीनदा भेट व्हायची, कधी दोनदा. भांडण बिंडण काही झालेलं नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

त्या वर्षी महापालिकेने एक नवं धोरण मंजूर केलं आणि ते राबवायला बाहेरगावाहून एक तरुण अधिकारी बाई आल्या. त्या पहिल्याच दिवशी सायकलवरून आल्या, सायकल जिन्याखाली लावली आणि धापा न टाकता ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर पोचल्या. दुपारपर्यंत त्यांचं नाव सायकलबाई पडलं होतं.

"धोरण साधं आहे," सायकलबाई टेबलाच्या कडेला टेकून म्हणाल्या. "प्रत्येक घरातून शाळा, बाजार, दवाखाना आणि बसथांबा पंधरा मिनिटांत पायी गाठता आला पाहिजे. आरोग्य खातं गेली वीस वर्षं लोकांना व्यायाम करा म्हणून सांगतंय. कोणी करतं का?"

"मी करते. पार्किंगमध्ये," नकाशेबाई म्हणाल्या.

"कसं वाटतं?"

"बैलाला कसं वाटत असेल ते कळतं."

सायकलबाई खळखळून हसल्या. "तेच तर! व्यायाम म्हणून किती दिवस चालणार माणूस? भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला, बस पकडायला चालला पाहिजे. त्याला कळतासुद्धा कामा नये की आपण व्यायाम केला. मला जुने नकाशे हवेत, नकाशेबाई. रस्ते रुंद होण्याआधीचे. तेव्हा लोक कुठून चालायचे ते बघायचंय."

जुने नकाशे तळघरात लोखंडी खणांत होते. दोन दिवस धूळ झटकून नकाशेबाईंनी एकेक ताव काचेच्या टेबलावर पसरला. टेबलाखाली दिवा असे. तो लावला की ट्रेसिंग कागद आतून उजळायचा आणि शहर पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. त्यांच्या तरुणपणाच्या रेघा, कुठे किंचित थरथरलेल्या. हे वळण काढताना बाहेर पाऊस होता. हा पूल काढला तेव्हा पोटात बाळ होतं आणि टेबलावर नीट वाकता येत नव्हतं. बोट फिरवता फिरवता त्या जणू त्या कागदी गल्ल्यांतून चालत गेल्या, आणि चालता चालता आपल्याच घरामागे येऊन थांबल्या.

पाणीपुरवठा केंद्राच्या जागेवर कागद जरा धुरकट होता. दिव्यावर धरल्यावर दिसलं: एक तुटक रेघ कोणीतरी खरवडून काढली होती. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही; दाढीच्या अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी लागते. कागद तिथे कायमचा पातळ होतो. तुटक रेघ म्हणजे पायवाट. ती त्यांच्या इमारतीच्या जागेपासून निघून सरळ बेबीताईंच्या रांगेपर्यंत जात होती, आणि तिच्यावर दोन्ही टोकांना जाड काळी रेघ मारलेली होती. सीमाभिंत.

"हे कोणी काढलं?" सायकलबाई वाकून बघत होत्या.

"मी." नकाशेबाईंना एकदम सगळं आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वीची दुपार, पंख्याचा आवाज, शेजारी उभे असलेले तेव्हाचे साहेब. ही पायवाट ठेवायची ना, असं नकाशेबाईंनी विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, जिथून गाडी जात नाही तो काही रस्ता नव्हे, काढून टाका. "तेव्हा माझं लग्न होऊन चारच वर्षं झाली होती. आमची ही इमारत बांधलेलीसुद्धा नव्हती. पलीकडे पुढे नणंद राहायला येईल हे काय माहीत!"

"साहेबांनी सांगितलं म्हणून काढलंत."

"सांगणारे साहेब असू देत. ब्लेड माझ्या हातात होतं."

सायकलबाईंनी त्या पातळ कागदावरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उद्या जाऊन बघू या?"

पाणीपुरवठा केंद्राचा पहारेकरी म्हातारा होता. कुलपाला तेल घालून, दोनदा शिव्या घालून त्याने फाटक उघडलं. "आत काही नाही हो बाई. पाणी नाही, यंत्र नाही. मी आहे तेवढा."

आत पाऊल टाकलं आणि मोठ्या रस्त्याचा आवाज मागे राहिला. पाणी गाळायचे चार मोठे चौकोनी हौद होते. त्यांत साठलेल्या पाण्यावर शेवाळ्याचा पातळ पडदा आला होता आणि चतुर उडत होते. पंपघराच्या छपरातून एक झाड वर आलं होतं, अगदी सहज, जसं घर त्याच्यासाठीच बांधलं होतं. ऊन पानांतून गाळून खाली येत होतं. नकाशेबाई सावकाश चालत होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी जमीन वरून पाहिली होती, पक्ष्यासारखी. तिच्या आत शिरायची ही पहिलीच वेळ, असं त्यांना वाटलं. एखाद्या हौदाच्या कडेला त्यांना आपलीच काळी शाई सांडलेली दिसली असती तरी नवल वाटलं नसतं.

"हा पट्टा बघा," पहारेकरी म्हणाला. दोन्ही बाजूंना झाडं दाटलेली, आणि मधे तीन हात रुंद मोकळी पट्टी सरळ पलीकडे गेलेली. "इथे झाड लावलं तर धरत नाही. किती लावली मी. जमीन दाबून दगड झालेली. माझा बाप सांगायचा, गिरणीच्या तिन्ही पाळ्यांची माणसं इथूनच जायची."

त्या पट्टीवरून चालताना गुडघा दुखायचं विसरला. सहा मिनिटांत पलीकडची भिंत आली, आणि भिंतीवरून ती दोरी दिसली. चौथ्या मजल्यावरून जी चिमटीत मावायची ती दोरी डोक्यावर हलत होती. एक साडी, एक टॉवेल, एक ब्लाउज. मशीनचा टकटक आवाज येत होता.

नकाशेबाईंनी आजूबाजूला बघितलं आणि लहान मुलीसारखी हाक मारली, "बेबीताई!"

मशीन थांबलं. "कोण?"

"मी! वहिनी!"

"वहिनी? कुठे आहात?"

"भिंतीपलीकडे."

"कुठल्या भिंतीपलीकडे?"

"तुमच्याच. मागच्या."

"अगं बाई! पडलात की काय तिथे?"

"पडत कशाला? ऑफिसच्या कामाला आलेय."

मग आवाज आला, "चहा टाकू का?" आणि मग तो चहा भिंतीवरून द्यायचा कसा हे ध्यानात येऊन दोघी दोन बाजूंना हसत सुटल्या. सायकलबाई हौदाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

स्टूल ओढल्याचा आवाज झाला आणि भिंतीवर बेबीताईंचं डोकं उगवलं. केस सगळे पांढरे होते.

"हे कधी झालं?" नकाशेबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"केस? झाले आठ महिने रंगवायचं सोडून. कोणाला दाखवायचंय?" बेबीताईंनी भिंतीवर कोपरं टेकली. "लेक गेली ना दुसऱ्या गावाला, नोकरी लागली. महिना होऊन गेला."

नकाशेबाईंनी वर दोरीकडे बघितलं. गेला महिनाभर एकाच माणसाचे कपडे त्या बघत होत्या. पोरगी सहलीला गेली असेल, असं म्हणून चहा संपवून कपबशी विसळत होत्या. "आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं, वहिनी? फोन करून सांगावं एवढं मोठं काही नव्हतं. दादाला गाडी काढून बोलवावं एवढंही नव्हतं." त्यांनी भिंतीवरचं एक वाळकं पान झटकलं. "चालत येता आलं असतं तर येऊन सांगितलं असतं."

परतताना फाटकापाशी सायकलबाई म्हणाल्या, "भिंतीत दोन मीटरची फट. दोन्हीकडे. प्रस्ताव मी लिहिते. नकाशा तुम्ही काढा."

प्रस्ताव जाहीर झाला, हरकती मागवल्या गेल्या, आणि पहिली हरकत आली ती नकाशेबाईंच्या घरातूनच. त्यांचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी होते. माणूस भला, पण गाडी शिकवण्याच्या शाळेत तीस वर्षं शिक्षक. दुसऱ्याच्या शेजारी बसून बसून त्यांचा उजवा पाय अजून नसलेला ब्रेक दाबायचा, सोफ्यावर बसलेले असले तरी. कोपऱ्यावरून दूध आणायलाही ते गाडी काढत, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दूध नासायला येत असे, असं नकाशेबाई म्हणत.

संध्याकाळी ते टेबलाशी बसून सही केलेली हरकत पुन्हा तपासत होते.

"नऊ मुद्दे आहेत," ते म्हणाले. "चोऱ्या. गोंगाट. परके लोक. तुझं खातं भिंत फोडणार आणि पहारा आम्ही करायचा?"

"अहो, पलीकडे कोण राहतं?"

"बेबी राहते, माहीत आहे मला. बेबीकडे जायला गाडी आहे की आपल्याकडे."

"शेवटचे कधी गेला होतात?"

ते आठवायला लागले. टेबलाखाली उजवा पाय हळूच पुढे सरकला.

"तुमच्या बहिणीचे केस पांढरे झालेत," नकाशेबाई म्हणाल्या. "सगळे. मुलगी नोकरीला बाहेरगावी गेली. महिन्यापूर्वी. आता एकटीच असते."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच. भिंतीवरून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. काळोख पडायला लागला होता, दोरी नीट दिसत नव्हती. तरी ते बघत होते. "सही केली ती केली," शेवटी ते म्हणाले. "सोसायटीने ठराव केलाय. मी सेक्रेटरी आहे, सुनावणीत वाचून दाखवावाच लागेल."

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात झाली. शंभरेक माणसं, बहुतेक सगळी गाडीने आलेली, आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून चिडलेली. एकजण म्हणाला, चालायला येणार कोण? दुसरा म्हणाला, रस्ते रुंद करा आधी. सायकलबाईंनी आकडे सांगितले, पण आकड्यांनी सभेला जांभया आल्या. मग नकाशेबाई उभ्या राहिल्या. बोलायची सवय नव्हती.

"इथे पूर्वी वाट होती," त्या म्हणाल्या. "ती नकाशातून मी काढली. मला वाटलं, एक रेघ काय, कोणाचं काय बिघडणार आहे. पण ती गेल्यावर तुमची मुलं आठ मिनिटांवरच्या शाळेत जायला पस्तीस मिनिटं बसमध्ये बसायला लागली. मी पार्किंगमध्ये गोल गोल फिरायला लागले. माणसं आळशी झाली म्हणतात. माणसं आळशी नाही झाली हो. त्यांना जायला वाट ठेवली नाही आम्ही."

त्या खाली बसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण जांभयाही थांबल्या.

मग यजमान उठले. खाकरून त्यांनी नऊच्या नऊ मुद्दे वाचले, गाडी शिकवायच्या आवाजात, स्वल्पविराम सांभाळून. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"हे सोसायटीचं झालं," ते म्हणाले. "आता माझं स्वतःचं. बहीण माझी भिंतीपलीकडे राहते. हाकेच्या अंतरावर. माझ्याकडे गाडी आहे, पेट्रोल आहे, परवाना आहे. गेल्या वर्षी मी तिच्याकडे दोनदा गेलो." त्यांनी खिशातल्या घडीवर हात ठेवला. "एवढंच नोंदवून घ्या."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते खरंच नोंदवून घेतलं. महिन्याभराने निकाल आला: सहा महिन्यांसाठी वाट उघडावी, मग पुन्हा विचार करू.

भिंत फोडायला अर्धा दिवस पुरला. पुढचं काम जास्त वेळाचं होतं आणि त्यात नकाशेबाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. फटीत तीन खांब, असे की माणूस, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल पण मोटारसायकल नाही. कुठेही पायरी नको. दर शंभर पावलांवर बाक, कारण गुडघ्याला शंभर पावलं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. दिवे उंच नकोत, डोक्याच्या जरा वर, समोरच्याचा चेहरा दिसेल असे. सायकलबाईंनी परिवहन खात्याशी महिनाभर झगडून पलीकडचा बसथांबा उड्डाणपुलाखालून उचलून वाटेच्या तोंडाशी आणला. म्हाताऱ्या पहारेकऱ्याला पहिल्यांदाच राखण करण्यासारखं काहीतरी मिळालं. तो रोज वाट झाडायला लागला.

पहिल्या आठवड्यात माणसं भिंतीपर्यंत यायची, फटीतून आत डोकावायची आणि परत जायची. पाण्यात पाय घालण्याआधी करतो तसं. मग शाळेची मुलं घुसली. त्यांच्यामागून त्यांना हाका मारत आया, आयांमागून डबे विसरले म्हणून बाप, घरातल्या चपला घालून. बसने कामाला जाणारे आले. दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या आल्या, प्रत्येक बाकावर बसत, प्रत्येक बाकाला नाव ठेवत. सकाळी कोवळ्या उन्हात हौदांवर धुकं असायचं आणि त्यातून माणसं येताना आधी पाय दिसायचे, मग पिशव्या, मग चेहरे. नकाशेबाई आता ऑफिसला याच वाटेने जाऊन पलीकडची बस धरायच्या. रोज बेबीताईंच्या मागच्या दाराशी दोन मिनिटं थांबायच्या. कधी बोलायच्या, कधी नुसता हात करायच्या.

सगळं काही गोड झालं नाही. एक बाक कोणीतरी तोडला. एका पोराची सायकल चोरीला गेली आणि सोसायटीच्या सभेत नऊ मुद्द्यांचे अकरा झाले. चेअरमन मात्र रोज सकाळी पांढरे बूट घालून वाटेवर दिसायला लागले. "माझा विरोध कायम आहे," ते समोर येईल त्याला चालता चालता सांगत, न थांबता, कारण तिसरी फेरी चालू असे.

यजमान यायला तयार नव्हते. "जाईन," म्हणायचे. खिडकीतून वाट बघायचे मात्र. एका रविवारी सकाळी नकाशेबाईंनी त्यांची गाडीची किल्ली खुंटीवरच राहू दिली आणि म्हणाल्या, "चला, खालपर्यंत तरी."

खालून ते भिंतीपर्यंत आले, भिंतीतून आत आले. पहिल्या बाकापर्यंत त्यांचा श्वास फुलला. "एवढं थकायला होतं?" त्यांनी बाकावर बसून विचारलं, अपमान झाल्यासारखं.

"तीस वर्षं बसून होतात. पायांना तुमची ओळख पटायला वेळ लागेल."

दुसऱ्या बाकापाशी ते थांबले, पण बसले नाहीत. तिसऱ्या बाकानंतर त्यांनी बोलणं बंद केलं आणि त्यांची पावलं आपोआप लांब पडायला लागली. बेबीताई मागच्या दारात गणवेशाला बटणं लावत बसल्या होत्या. भाऊ चालत येताना दिसला तेव्हा त्यांना आधी ओळखूच आला नाही. त्यांनी त्याला इतकी वर्षं गाडीतून उतरतानाच पाहिलं होतं. मग त्या उठल्या आणि मांडीवरची बटणं सगळ्या अंगणात सांडली. तिघांनी मिळून ती गोळा केली. एक काही सापडलं नाही.

सहा महिन्यांनी सायकलबाईंच्या मोजणी यंत्राने दिवसाला एकोणीसशे माणसं दाखवली. शाळेच्या दोन बसगाड्या बंद झाल्या. महापालिकेने वाट कायम केली, आणि सायकलबाईंची बदली दुसऱ्या शहरात झाली, कारण तिथेही भिंती होत्या. जाताना त्या नकाशेबाईंच्या टेबलापाशी आल्या, काही बोलायचं म्हणून आल्या होत्या, पण नुसत्याच हसल्या आणि जिना उतरून गेल्या. नकाशेबाई खिडकीतून बघत राहिल्या. सायकल वळणाआड जाईपर्यंत तिची घंटा तीनदा वाजली.

त्यानंतरच्या एका दुपारी, साधारण चार वाजता, दाराची बेल वाजली. शनिवार होता. यजमान रेडिओ ऐकत होते, नकाशेबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दारात बेबीताई उभ्या होत्या. फोन नव्हता केलेला, हातात पिशवी नव्हती, काही आणलेलं नव्हतं.

"काय गं बेबी, काय झालं?" यजमान घाबरून उठले.

"काय व्हायचंय? काही नाही," बेबीताई म्हणाल्या. आत आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. नकाशेबाईंनी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, पेला जमिनीवर ठेवला, उगाच इकडेतिकडे बघितलं. रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. बाहेरून वाटेवरच्या मुलांचा आवाज यायचा आणि विरून जायचा.

थोड्या वेळाने नकाशेबाईंनी मान वर केली तर बेबीताईंची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. झोप लागली होती त्यांना. पांढऱ्या केसांवर ऊन आलं होतं. चेहरा सैल पडला होता, आणि त्यात एक फार जुनी, लहान मुलगी दिसत होती. नकाशेबाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण यजमानांनी पाहिलं असावं, कारण ते अगदी हलक्या पावलांनी गेले, रेडिओ बारीक केला आणि पडदा एवढासा ओढला.

अर्ध्या तासाने बेबीताई आपणहून जाग्या झाल्या. कुठे आहोत हे कळायला त्यांना क्षणभर लागलं. मग त्यांनी केस सारखे केले, पदर नीट केला आणि उठल्या.

"निघते," त्या म्हणाल्या.

"ये," यजमान म्हणाले.